नारळी पुनवेची ओहोटी

चंद्रावती बांधावरून चालत येताना दिसली तेव्हा नम्रता पडवीत नारळ खवत बसली होती. शेजारी मनस्वी वेलची सोलत होती. ती सोलता सोलताच उठली आणि धावत सुटली. मांडीवरचं ताट कलंडलं, वेलच्या जमिनीवर पसरल्या. नम्रता त्या एकेक करून वेचत बसली आणि तिनं मान मुद्दाम वर केली नाही. सणाच्या दिवशी नणंद दारात आली की हसत पुढं व्हायचं असतं, एवढं तिला सोळा वर्षांच्या संसारात कळलं होतं. आज ते जमत नव्हतं, एवढंच.

"आत्या, सर खरंच येणारेत! बाबांना कंपनीत फोन आला होता!"

"येऊ देत की. आधी श्वास घे. नाकानं."

आणि पोरीनं खरोखरच तोंड मिटून नाकानं श्वास घेतला. आईनं सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, केस बांध, तर अजून बांधले नव्हते.

गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं. शनिवारची शाळा सुटली की मनस्वी एसटीनं रोह्याला आत्याकडे जायची आणि रविवारी रात्री परत यायची ती नवा एखादा नियम घेऊन. तळलेलं नको. जेवताना पाणी नको. टाच आधी टेकवायची नाही. आत्या अशी चालते म्हणून चालणं बदललं, आत्या अशी बोलते म्हणून 'नाय'चं 'नाही' झालं. एके रात्री नम्रता पोरीच्या अंगावर पांघरूण घालायला गेली तर ही तळवे वर करून सरळसोट उताणी पडलेली. पोर झोपायचीसुद्धा शवासनात! त्या रात्री नम्रता चुलीपाशी जाऊन रडली होती. पोटात वाढवली मी, दूध पाजलं मी आणि पोर झाली हिची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणारा म्हणाला असता, आत्याच आहे ना, परकी आहे का?

परकी नव्हती, हेच तर दुखणं होतं. चंद्रावतीचा फोटो त्याच पडवीत, देवांच्या तसबिरींच्या बरोबरीनं टांगलेला होता. गळ्यात पदक, हातात सायकल, अंगावर ओला पोशाख. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात, अशी ट्रायथलॉनची शर्यत असते हे पेण तालुक्याला तिच्यामुळे कळलं. मिठागरावरच्या माणसाची पोर दोनदा देशपातळीवर पदक घेऊन आली, तेव्हा वडखळच्या नाक्यापासून गावापर्यंत तिची मिरवणूक निघाली होती. पुढं गुडघा गेला. दोन वर्षं ती अंथरुणाला खिळल्यासारखी पडून होती आणि मग लोणावळ्याला जाऊन योग शिकून आली. आता रोह्यात, पुलापलीकडच्या अष्टमी गावात, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर तिचे वर्ग चालायचे. पहाटे कंपनीतली धावणारी माणसं, दुपारी इंजिनिअरांच्या बायका, संध्याकाळी दम्याची खोड असलेल्या अजीजाभाभी आणि त्यांच्या मैत्रिणी. धाप न लागता लांबचा पल्ला कसा गाठायचा, हे ती शिकवायची. लोक म्हणायचे, चंद्राताईंकडे आलेला माणूस थकायचा विसरतो. अजून लग्न नाही, मागे व्याप नाही. नम्रताला तिच्या पदकाचा कधी हेवा वाटला नाही. वाटला तो तिच्या रिकाम्या हातांचा, आणि त्या रिकाम्या हातांत स्वतःची लेक जाऊन बसली, याचा.

"वहिनी, मनूला आज भात देऊ नका हं. पाण्यात उतरायचंय तिला," चंद्रावती पिशवी ठेवता ठेवता म्हणाली.

"आठवडाभर मीच घालते तिला खायला, ताई. काय द्यायचं ते कळतं मला."

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हणालात?"

आतून सासूबाईंचा, धोंडुबाईंचा आवाज आला. "सणाच्या दिवशी काय गो लावलंय दोघींनी? चंद्रे, हात-पाय धू. नम्रता, भात खाली लागंल."

चंद्रावती हात-पाय धुऊन आली. पण नम्रताला आज विचारायचंच होतं. पुण्याचे सर हिवाळ्यात अलिबागच्या जिल्हा स्पर्धेत मनस्वीला पाहून गेले होते. त्यांना तिला पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात न्यायचं होतं. शाळा तिथं, जेवण तिथं, सराव त्यांच्याच हाताखाली. अट एकच, त्यांच्या डोळ्यांदेखत उघड्या पाण्यातला एक पल्ला त्यांनी ठरवलेल्या वेळेत काढायचा. आज तेवढ्यासाठी ते येणार होते, आणि यंदाच्या निवडीची ही शेवटचीच संधी होती. पोर एवढ्या लांब धाडायचा विचार नम्रताला नकोसा होता. आणि तरीही गेले आठ दिवस तिला एक चोरटं सुख होतं. पोर पुण्याला गेली तर रोह्यालाही जाणार नव्हती.

"तुम्हाला काय वाटतं, ताई? पाठवावी का पुण्याला?"

चंद्रावती पदराला हात पुसत होती. ती जरा जास्तच वेळ हात पुसत राहिली. "तयार नाही अजून ती. अजून एक वर्ष माझ्याकडे राहू दे. मग बघू."

"तुमच्याकडे," नम्रता म्हणाली, आणि नारळाचं भांडं घेऊन आत गेली.

*

पुण्याचे सर साडेदहाच्या सुमारास जीपमधून आले. चिखलानं बूट भरले होते, तरी माणूस हसतमुख होता. चहा घेताना त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला, मग चंद्रावतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "या तुम्हीच का? वा! मी तेव्हा कॉलेजात होतो. नाव ऐकलं होतं तुमचं."

ऐकलं होतं. चंद्रावतीनं हसून मान हलवली. तिच्या वर्गातल्या बायकांना ती सांगायची की अपमान गिळायचा नसतो, श्वासाबरोबर बाहेर सोडायचा असतो. तो आता बाहेर जाईना.

"आता काय करता?"

"योग शिकवते. आणि लांब पल्ल्याची तयारी करून घेते. मनस्वीची सगळी तयारी मीच केलीय."

"हो, हो, दिसतंच ते. दम जबरदस्त आहे मुलीचा." सरांनी बिस्किट चहात बुडवलं. "फक्त हात मारताना कोपर पडतं तिचं. सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही की ती सवय जडते. पण ते मी दोन महिन्यांत काढून टाकीन. एक सांगतो, ताई, राग मानू नका. ही मुलगी तुमच्यापेक्षा खूप पुढे जाईल."

"जायलाच हवी," चंद्रावती म्हणाली.

समोर मनस्वी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचं लक्ष आत्याकडे नव्हतं. ती सरांच्या तोंडाकडे पाहत होती, डोळे मोठे करून, दोन वर्षांपूर्वी माडीवर पहिल्यांदा आली तेव्हा आत्याकडे पाहायची तशी. आणि चंद्रावतीला मत्सर वाटला. दुसरा सभ्य शब्द त्याला नव्हता. तिला या माणसाचा मत्सर वाटला, कारण तो बिस्किट खाता खाता तिची पोर घेऊन जाणार होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला त्या पोरीचा मत्सर वाटला. तिच्या धड गुडघ्यांचा, तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा. तिला स्वतःचीच किळस आली. पण किळस आली म्हणून मत्सर काही उठून गेला नाही.

"मग उतरायचं का?" सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मला पुढे रोह्याला जायचंय. एक मुलगा बघायचाय तिथं."

"आता कसं उतरंल?" धोंडुबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "आज नारळी पुनव. भरती भरली की नारळ सोडायचा. त्याच्या आधी खाडीत पाय नाय घालायचा कुणी. तुमच्या पुण्यात चालत असंल."

सर हसले आणि थांबले. तोवर राखी झाली. चंद्रावतीनं भावाला, दिनानाथला ओवाळलं, मनगटावर राखी बांधली. त्यानं खिशातून साडीचा पुडा काढून तिच्या हातात दिला. डोलवीच्या कंपनीत तो कंत्राटावर होता, आजची शिफ्ट बदलून घेतली होती. लहानपणी चंद्रावतीला पोहायला त्यानंच शिकवलं होतं, पाठीला रिकामा डबा बांधून.

"दादा, असाच राहा पाठीशी," ती म्हणाली. दरवर्षी म्हणायची तसंच.

*

सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन सगळे खाडीवर गेले. नम्रता तेवढी मागे राहिली. ती पालीकडची, डोंगरातली. लग्न होऊन आल्यापासून तिला पाण्याची भीती होती आणि मुलगी पाण्यात उतरते ते तर तिनं एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. "स्वैपाक कोण करंल?" म्हणाली आणि चुलीकडे वळली.

भरती पुरी भरली होती. पाणी बांधाच्या वरच्या दगडाला टेकलं होतं. धोंडुबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ पाण्यावर ठेवला. तो जागच्या जागी डुलत राहिला, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. पल्ला ठरलेला होता. मिठागराच्या उघाडीपासून, म्हणजे पाणी आत घ्यायच्या दारापासून, खाडीनं वर, पेणच्या दिशेनं, देवळाच्या वळणापर्यंत. फक्त जायचं, परत यायचं नाही. होडी घेऊन नाथा सोबत जाणार होता. नाथा चुलतभाऊ, खाडीवरच वाढलेला.

"पाणी थांबलंय बघ," दिनानाथ हळूच बहिणीला म्हणाला. "उतरव आता. हीच वेळ."

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. मिठागरावरच्या घरात पोर बोलायला शिकते त्याच्याही आधी पाणी ओळखायला शिकते. पुनवेचं पाणी भरून थोडा वेळ थांबतं, आणि मग जे खाली समुद्राकडे खेचतं ते अमावास्या-पुनवेलाच तसं खेचतं. वर पावसाचं पाणी नदीतून उतरत असलं तर विचारायलाच नको.

"अंग थंड आहे तिचं, दादा," चंद्रावती म्हणाली. "थोडं मोकळं करून घेते. सर, चालेल ना? आमच्या पद्धतीनं आधी श्वासाची तयारी करतो आम्ही."

"अवश्य. तुमची विद्यार्थिनी आहे," सर म्हणाले, आणि बांधावर रुमाल अंथरून बसले.

धोंडुबाई घरी गेल्या. चंद्रावतीनं मनस्वीला बांधावर चटईवर बसवलं. खांदे, पाठ, कंबर. मग डोळे मिटून लांब श्वास. तिचा आवाज वर्गात असतो तसा शांत होता. "घाई नाही. पोटात भरू दे हवा. अजून. सोड... पूर्ण सोड." पोर डोळे मिटून बसली होती आणि चंद्रावतीचे डोळे उघडे होते. तिनं काही ठरवलं होतं असं नाही. ती फक्त थांबत नव्हती. एकदा 'पुरे' म्हणायचं तोंडाशी आलं, तेवढ्यात सर कुणाला तरी सांगताना ऐकू आले, "कोपराचं काय, ते बसवता येतं." मग ती म्हणाली, "अजून एकदा. सावकाश."

दिनानाथ काठावरच्या होडीकडे पाहत होता. गावातल्या महमूदचाचांची ती होडी पुढच्या टोकाला दोर बांधून खुंटाला लावलेली असायची. मघाशी ती आडवी पडून होती. आता तिची पाठ हळूहळू समुद्राकडे फिरू लागली. त्याच्यासमोर ती पुरती फिरली आणि दोर ताणला.

पाणी उतरायला लागलं होतं.

त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनंही होडी पाहिली होती. दोघांची नजर भेटली आणि तिनं ती काढून घेतली. आता याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. 'थांबा, आज नको,' एवढं पुरेसं होतं. पण सरांसमोर बहिणीला खोटं पाडायचं, तेही तिनं बांधलेली राखी मनगटावर असताना? हे त्यानं स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण त्याच्या खाली होतं. पोर गेली तर संध्याकाळी कामावरून आल्यावर घरात बोलायला कोण राहणार होतं? आणि त्याच्याही खाली, जिथं तो सहसा जात नसे, तिथं एक जुनी जळजळ होती. एके काळी या खाडीत पोहण्यात त्याच्या पुढं जाणारं कुणी नव्हतं. बापानं त्याला मिठागरावर ठेवलं आणि चंद्रीला जाऊ दिलं, ती लहान होती म्हणून. आधी बहीण गेली. आता लेक जाणार. आपण मात्र काठावरच. स्वतःच्या पोरीबद्दल असं वाटलं म्हणून त्याला शरम वाटली आणि तो गप्पच राहिला.

"उतर," चंद्रावती म्हणाली.

मनस्वीनं डोळे उघडले. तिनं पाण्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. क्षणभर ती काहीतरी विचारेल असं वाटलं. मग तिनं टोपी घातली आणि उडी मारली.

सरांनी घड्याळाची कळ दाबली. पहिला टप्पा ती बरी गेली. मिठागराचा कोपरा ओलांडून खाडी अरुंद झाली, तिथं मात्र तिचे हात चालत होते आणि काठावरचं झुडूप मागे सरकत नव्हतं. नाथा होडीतून ओरडत होता, "चल गो! चल माझी बाय!" बांधावरून सगळे सोबत चालत होते, दिनानाथ तर चालता चालता धावायला लागला. पोर थांबली नाही. एकदाही होडीला हात लावला नाही. देवळाच्या वळणाला ती पोचली तेव्हा सर घड्याळाकडे पाहून मान हलवत होते. तिला बाहेर ओढून घेतलं तर पाय लटपटत होते आणि ओठ पांढरे पडले होते.

"छान प्रयत्न," सर म्हणाले. "पण बराच उशीर झाला. ठीक आहे. पुढच्या वर्षी बघू."

चंद्रावतीनं तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि जवळ ओढलं. "काही हरकत नाही, राणी. एक वर्ष आहे आपल्याकडे."

*

नम्रतानं पंगत मांडली. दोन्ही भात होते, नारळीभात आणि साधा, वर वालाचं बिरडं. सरांना जेवल्याशिवाय कोण सोडणार होतं? निकाल तिला दारातच कळला होता. खरं तर तिनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता, पोर घरीच राहणार होती. पण मनस्वी ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याकडे पाहून नम्रताचा जीव तुटला.

आणि चंद्रावती जेवत होती. चांगली जेवत होती. तिनं नारळीभात मागून घेतला. "वहिनी, आज भात काय सुरेख झालाय! अजून वाढा." मनस्वीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "पुढच्या वर्षी दाखवू आपण सरांना." तिच्या गालांवर रंग आला होता.

वाढता वाढता नम्रता थबकली. जिची शिष्या हरली, तिला एवढी भूक लागते? घरात पोराला ताप असला तरी आईच्या घशाखाली घास उतरत नाही. हा चेहरा नम्रताच्या ओळखीचा होता. मनस्वीला बरं नाही म्हणून एखाद्या शनिवारी तिचं रोह्याला जाणं रद्द व्हायचं, तेव्हा नम्रता स्वतः अशीच गुणगुणत भांडी घासायची. असूयेला असूयेचा वास लगेच येतो. काय झालंय ते तिला कळेना, पण काहीतरी झालंय हे पक्कं कळलं.

"सर, एक सांगू का?" नाथा बोटं चाटत म्हणाला. त्याचं पोट भरलं होतं आणि मन आणखी भरलं होतं. "तुम्ही घेतली नाय तिला, तुमची मर्जी. पण पुनवेच्या ओहोटीच्या तोंडावर चढून गेली पोरगी! आमच्यातला बाप्या गडी नाय चढत. मी होडी वल्हवून दमलो. आमची चंद्री मास्तरीण मात्र कडक हाय, परीक्षा घेतली तर अशी!"

त्याला वाटलं, त्यानं पोरीचं आणि चंद्रीचं, दोघींचं कौतुक केलं.

सरांचा घास हातात राहिला. "ओहोटी? म्हणजे पाणी उलटं होतं?"

धोंडुबाई लेकीकडे पाहू लागल्या. "चंद्रे? मी नारळ सोडला तवा थांबलेलं पाणी. मग तुम्ही करत काय होता?"

"मनस्वी," सर म्हणाले, "प्रवाह विरुद्ध होता का तुला?"

मनस्वीनं ताटातला भात गोळा केला. "नाही, सर. थोडंसंच होतं. मीच कमी पडले. कोपर पडलं माझं."

खाली मान घालून तिनं हे म्हटलं, अगदी आत्याच्या शांत आवाजात. चंद्रावतीच्या तोंडातला घास तसाच राहिला. तिला वाटलं होतं, पोरीला काही कळलं नाही. खाडीवरच्या पोरीला पाणी कळलं नसेल असं तिला वाटलं होतं! मत्सर माणसाला किती मूर्ख करतो याला काही हद्द असते की नाही?

"खोटं बोलते ती," नम्रता म्हणाली. पळी हातात तशीच होती. "मला खाडीतलं काय पण कळत नाय, सर. पण माझी पोर खोटं बोलते तवा मला कळतं. तुम्ही उद्या परत घ्या तिला पाण्यात."

दिनानाथनं चमकून बायकोकडे पाहिलं. पुण्याला नको, पुण्याला नको, असा आठ दिवस तिनं घोशा लावला होता. नम्रतालाही आपण काय बोललो ते आता कळत होतं. पोर जाईल. जाऊ दे. या बाईच्या हातात राहण्यापेक्षा जाऊ दे, हे पहिलं मनात आलं. आणि मग, जरा उशिरा, दुसरं आलं, की पोरीला जायचंय. त्यातलं मोठं कोणतं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सर चंद्रावतीकडे वळले. आवाज मघासारखा हसरा नव्हता. "ताई, तुम्ही शिक्षिका आहात तिच्या. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी धरतो."

'थोडं होतं' म्हणता आलं असतं. पोरीनं वाट करून दिलीच होती. चंद्रावतीनं भावाकडे पाहिलं, पण दिनानाथ ताटाकडे पाहत होता. तिनं मनस्वीकडे पाहिलं. तीही ताटाकडेच पाहत होती.

"होतं," चंद्रावती म्हणाली. "पुरतं विरुद्ध होतं. मला माहीत होतं. मी थांबवून ठेवलं तिला."

"का?" सरांनी विचारलं.

"ती जाईल म्हणून."

धोंडुबाईंनी कपाळावर हात मारला. नाथा उठून हात धुवायला गेला आणि परत आलाच नाही. सरांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "उद्या मला अलिबागला जायचंच आहे. वडखळवरून आधी इकडे येईन. कुठल्या वेळेला येऊ?"

"बाराच्या आत या," दिनानाथ जेवायला बसल्यापासून पहिल्यांदाच बोलला. "भरती चढत असंल."

जीप गेली. अंगण रिकामं झालं. मनस्वी ओट्याच्या पायरीवर बसली होती. चंद्रावती तिच्याजवळ गेली, गुडघा धरत खाली बसली.

"मनू, तुला कळलं होतं ना?"

"होडी फिरलेली बघितली मी. डोळे उघडले तवाच."

"मग उतरलीस कशाला गो?" कितीतरी वर्षांनी चंद्रावतीच्या तोंडी घरची भाषा आली होती.

"तू म्हणालीस, उतर."

चंद्रावतीनं पोरीच्या केसांकडे हात नेला. मनस्वीनं डोकं बाजूला घेतलं. रागानं नाही. माशी आली म्हणून घ्यावं, तितक्या सहज घेतलं.

"उद्या मी बरोबर वेळेला उतरवीन तुला," चंद्रावती म्हणाली. "शपथ घेते."

मनस्वी उठली. पडवीतून तिनं आत हाक मारली.

"आई! उद्या खाडीवर तू ये."

नम्रता भांडं हातात घेऊन दारात आली. दोन वर्षं तिनं या हाकेची वाट पाहिली होती. आता ती हाक आली तर पायरीवर बसलेल्या नणंदेकडे पाहून तिला आनंदही धड होईना.

"मी? मला काय कळतंय पाण्यातलं?"

"नाय कळत," मनस्वी म्हणाली. "म्हणूनच ये. ज्यांना कळत होतं ते सगळे आज तिथंच होते."

पडवीत दिनानाथ मनगटावरची राखी सारखी करत होता, तो थांबला. पायरीवरून चंद्रावती उठू पाहत होती. गुडघा साथ देईना. तिला हात द्यायला कुणी पुढं आलं नाही, आणि तिनंही कुणाला हाक मारली नाही.